कॉफीतले दूध आणि बाळाच्या वाटीतले दूध

आमच्या रुग्णालयात रात्रपाळीचा चहा पूर्वी समोरच्या टपरीवरून यायचा. ॲल्युमिनियमची किटली, काचेचे छोटे पेले, आले ठेचून घातलेला गोड चहा. गेल्या दोन-तीन वर्षांत निवासी डॉक्टरांच्या खोलीत कॉफी आली. आधी सॅशेची, मग थंड, फेसाळ, बर्फ घातलेली. आणि आता त्या खोलीतल्या लहानशा फ्रीजमध्ये एक काचेची बाटली असते. पुण्याहून आलेल्या एका इंटर्न मुलीची. तिला दूध पचत नाही. दुकानातले ओट्सचे दूध लिटरला अडीचशे-तीनशे रुपयांना पडते आणि नंदुरबारात ते नेहमी मिळेलच असे नाही, म्हणून ती घरीच करते. "सर, घेऊन बघा ना," म्हणून तिने मला एकदा कप दिला. कॉफी फाटली होती. वर पांढऱ्या कण्या, खाली काळे पाणी. तिचा चेहरा पडला. मी म्हटले, चव वाईट नाही, पण दिसायला आमच्या पॅथॉलॉजीतल्या नमुन्यासारखी आहे.

यावर लिहायचे मनात नव्हते. कोणी कॉफीत काय घालावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्यानंतर काही दिवसांनी बाह्यरुग्ण विभागात एक वर्षाची मुलगी आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आईवडील दोघे शिकलेले, नोकरी करणारे. घरात कशाची कमी नाही. मुलगी मात्र मलूल, चिडचिडी, केस विरळ आणि तांबूस, आणि दोन्ही पायांवर सूज. पायावर अंगठा दाबला की खड्डा पडत होता. आपल्या जिल्ह्यात असे मूल दिसले की डॉक्टरच्या डोळ्यांपुढे धडगाव-मोलगीचा डोंगर येतो, स्थलांतर येते, उसाच्या फडावर गेलेले आईबाप येतात. इथे त्यातले काहीच नव्हते. मी विचारले, "दूध किती पिते?" आई म्हणाली, "भरपूर पिते सर. दिवसाला चार-पाच बाटल्या. पण गाईचं नाही, तिला सोसत नाही. मी घरी ओट्स आणि बदामाचं दूध करते."

आठव्या महिन्यात मुलीला जुलाब झाले होते. दूध दिले की जास्त होत. आईचे स्वतःचे दूध त्याच सुमारास आटले. कुणीतरी सांगितले की ही दुधाची ॲलर्जी आहे, आणि मोबाइलवर कॉफीसाठी साईदार वनस्पती-दूध घरी कसे करावे याची चित्रफीत सापडली. ती कृती उत्तम होती. ती कॉफीसाठी होती, एवढेच.

प्रौढ माणसाने कॉफीत शेंगदाण्याचे, काजूचे किंवा ओट्सचे दूध घालायला माझी काहीच हरकत नाही. उलट ते नीट कसे करावे हेही सांगतो. पण त्याला 'दूध' म्हणताना त्या शब्दाबरोबर आपण आणखी काय काय गृहीत धरतो, ते तपासावे लागेल.

दूध न सोसणे ही काही शहरी नखऱ्याची गोष्ट नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याचे एन्झाइम लहानपणी सगळ्यांकडे असते. मोठेपणी जगातल्या बहुसंख्य माणसांत ते कमी होते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात उत्तर भारतीयांपैकी सुमारे २७ टक्के आणि दक्षिण भारतीयांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांत लॅक्टोज नीट पचत नसल्याचे दिसले होते. महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधला. म्हणजे दूध प्यायल्यावर पोट गुडगुडणे, वारा धरणे, जुलाब होणे हा अनेकांच्या बाबतीत आजार नसून शरीराचा स्वभाव आहे. अशा लोकांनाही बहुधा कपभर दूध जेवणाबरोबर चालते, दही आणि ताक तर सहसा चालतेच, कारण विरजणातले जिवाणू बरेचसे लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात. आपल्या ताटात ताक का टिकले याचे एक कारण हेही असावे. कॉफीत मात्र ताक घालता येत नाही.

बाकी कारणेही आहेत. कुणी प्राण्यांपासून मिळणारे काहीच घेत नाही. अशा खाद्यपदार्थांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली स्वतंत्र नियम आणि हिरव्या 'व्ही'चे चिन्हही आणले. कुणाला भेसळीची भीती असते. आणि काहींना ते नवे आहे म्हणून हवे असते, तेही चालेल. अमेरिकेत स्टारबक्सने नोव्हेंबर २०२४ पासून वनस्पती-दुधाचा जादा आकार घेणे बंद केले. तिकडे ते इतके सर्रास झाले आहे. तिथली सवय मोबाइलवरून शहाद्याच्या आणि तळोद्याच्या स्वयंपाकघरात पोचायला आता वेळ लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात करायचे तर मी ओट्स किंवा बदामाआधी शेंगदाणा सुचवेन. तो इथल्या बाजारात मिळतो, स्वस्त आहे, आणि कॉफीला लागणारा साईदारपणा त्यात जन्मजात आहे. तो साईदारपणा म्हणजे दुसरे काही नाही, पाण्यात अडकून राहिलेले चरबीचे बारीक थेंब आणि त्यांना एकमेकांपासून दूर धरणारी प्रथिने. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ४० ग्रॅम चरबी आणि २४ ग्रॅम प्रथिने असतात. ओट्समध्ये चरबी फार थोडी. म्हणून घरचे ओट्सचे दूध पातळ लागते आणि कंपन्यांना त्यात वरून तेल घालावे लागते.

शंभर ग्रॅम कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवावेत. सकाळी ते पाणी फेकून, दाणे चोळून टरफले काढावीत. हे कंटाळवाणे काम आहे, पण टरफलाचा तुरटपणा कॉफीच्या तुरटपणात मिसळला की कप तोंडात धरवत नाही. मग उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे दाणे ठेवावेत. कच्च्या शेंगदाण्याचा जो हिरवा, वालासारखा वास असतो तो त्यातल्या एका एन्झाइममुळे वाटताना वाढतो, उष्णतेने ते एन्झाइम मरते. आता खरी युक्ती. सगळे पाणी एकदम ओतू नये. आधी अगदी थोड्या पाण्यात मिक्सरवर गंधासारखे वाटावे, दोन बोटांत चोळले तर कण लागू नये इतके. मग उरलेले पाणी घालावे, एकूण सहाशे-सातशे मिलिलिटर. हवे तर आठ-दहा भिजवलेले काजू सोबत वाटावेत, साय आणखी येते. मलमलच्या किंवा जुन्या सुती साडीच्या धुतलेल्या फडक्यातून गाळावे, आणि मंद आचेवर ढवळत दहा मिनिटे उकळावे. चिमूटभर मीठ. चोथा टाकू नये. त्यात प्रथिनांचा बराच वाटा उरलेला असतो. थालीपिठात, भाकरीच्या पिठात, चटणीत तो सहज खपतो.

सोयाबीनचे करणार असाल तर उकळण्यात कुचराई नको. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा एक घटक असतो, तो नीट शिजल्यावरच निष्प्रभ होतो. आणि सोयाबीनचे दूध फसवते. उकळायच्या खूप आधीच फेस वर येतो, माणूस गॅस बंद करतो. फेस बसवून पुन्हा आणि खरोखर उकळायला हवे.

आता त्या फाटलेल्या कॉफीकडे येतो. कॉफी आम्लधर्मी असते. वनस्पतीची प्रथिने आम्लात, त्यातही गरम आम्लात, एकमेकांना चिकटून गोळा होतात. लिंबाने दूध फाटते तेच हे. म्हणून फ्रीजमधले थंडगार वनस्पती-दूध उकळत्या काळ्या कॉफीत ओतले की कण्या झाल्याच म्हणून समजा. दूध वेगळे कोमट करावे, कॉफी मिनिटभर निवू द्यावी, आणि कॉफी दुधात हळूहळू घालावी, दूध कॉफीत नव्हे. जास्त भाजलेल्या बियांची किंवा चिकोरी मिसळलेली कॉफी कमी आंबट असते, तिच्यात हे कमी होते. तरीही फाटत असेल तर लिटरभर दुधाला दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतका खाण्याचा सोडा घालावा, अधिक नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी तोही टाळावा. दुकानातल्या 'बरिस्ता' लिहिलेल्या डब्यावर फॉस्फेटचे नाव दिसते, ते हेच काम करते.

ओट्सच्या दुधाची अडचण वेगळी. ते तापवले की शेंबडासारखे चिकट होते, कारण त्यातला स्टार्च फुगतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात यावर तोड काढली ती एन्झाइमची. स्टार्च तोडणारे अमायलेज घालायचे, मग दूध पातळ राहते आणि आपोआप गोडही होते. जगभर विकले जाणारे ओट्सचे दूध याच तत्त्वावर चालते. आता यात गंमत अशी की हेच एन्झाइम आपल्या घरात मोड आलेल्या नाचणीच्या पिठात असते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात यावरच काम केले. मोडाच्या धान्याचे चमचाभर पीठ घातले तर बाळाची घट्ट खीर पातळ होते, आणि बाळाच्या इवल्याशा पोटात जास्त अन्न जाते. त्यामुळे ओट्सचे दूध करणाऱ्याने बोट क्षणभरच टेकवता येईल इतके ते गरम करून त्यात चमचाभर मोडाच्या नाचणीचे पीठ घालावे, दहा मिनिटे थांबावे, मग उकळावे आणि गाळावे. पीठ खरपूस भाजलेले नको, एन्झाइम जळून जाते. ज्वारीला मोड आणून मात्र हा प्रयोग करू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावल्याचे आपल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. आणि मधुमेही लोकांसाठी: स्टार्च तुटून जी गोडी येते ती साखरच. डब्यावर 'साखर घातलेली नाही' असे लिहिलेले असले तरी.

शेंगदाणा सुचवतो म्हटल्यावर एका गोष्टीवर थांबायलाच हवे. काळा पडलेला, आक्रसलेला, कडवट, बुरशीचा ठिपका असलेला दाणा या दुधात एकही जाऊ देऊ नका. १९७४ साली आपल्या शेजारच्या भागात, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतल्या खेड्यांत, कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. जवळपास चारशे लोक आजारी पडले, शंभराहून अधिक दगावले. आजारी पडलेले बहुतेक भिल्ल कुटुंबांतले गरीब लोक होते. अवेळी पावसात भिजून बुरशी लागलेला मका त्यांनी खाल्ला होता, त्यात अफ्लाटॉक्सिन होते. बुरशीचे हे विष पहिल्यांदा ओळखले गेले ते शेंगदाण्यामुळेच. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या पेंडीवर पोसलेल्या सुमारे लाखभर टर्की कोंबड्या मेल्या, तेव्हा. हे विष उकळून जात नाही. अखखा दाणा खाताना कडू लागला तर आपण थुंकतो, वाटून गाळून साखर-कॉफी घातल्यावर जिभेला काहीच कळत नाही. म्हणून दाणे निवडणे ही या कृतीतली पहिली पायरी, आणि ती चित्रफितीत सहसा नसते. शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्याकडे कमी दिसते, पण पाहुण्याला कप देताना आत काय आहे ते सांगावे.

दुसरी गोष्ट फ्रीजची. दुकानातला डबा जंतुविरहित करून भरलेला असतो, घरची बाटली नाही. प्रथिने, पाणी आणि ऊब मिळाली की जिवाणूंची चैन असते. उकळून, भांडे थंड पाण्यात ठेवून लवकर निववावे, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. मे महिन्यात नंदुरबारचा पारा ४२च्या पुढे जातो आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. दुपारभर वीज नसेल तर ते दूध झाडाला घालावे. एक आड एक दिवस थोडेच करणे हे सर्वांत सोपे.

इथवर सगळे प्रौढांच्या कपाबद्दल झाले. आता या बाटलीत नसते काय ते पाहू.

गाईच्या किंवा म्हशीच्या शंभर मिलिलिटर दुधात साधारण सव्वातीन ते पावणेचार ग्रॅम प्रथिने आणि १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. वर सांगितल्याप्रमाणे केलेल्या शेंगदाण्याच्या दुधात अंदाजे दोन-अडीच ग्रॅम प्रथिने येतात, कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्या आसपास. सोयाबीनचे प्रथिनांत गाईच्या दुधाजवळ जाते, कॅल्शियममध्ये नाही. ओट्स आणि बदामाच्या घरगुती दुधात प्रथिने ग्रॅमच्या आत. कंपन्या वरून कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे घालतात, घरी ते शक्य नाही. आणि बी-१२ जीवनसत्त्व यांतल्या एकाही घरगुती दुधात नसते. शून्य. वनस्पती ते बनवतच नाहीत.

बी-१२चा मुद्दा महाराष्ट्रात किरकोळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते. सर्वाधिक कमतरता खेड्यात किंवा झोपडपट्टीत नव्हती, ती शहरी मध्यमवर्गात होती, ८१ टक्के. शाकाहारी घरात बी-१२ येण्याचा एकमेव दरवाजा म्हणजे दूध-दही. जो शाकाहारी माणूस तोही बंद करतो त्याने बी-१२ची गोळी सुरू करावी, वर्षातून एकदा रक्त तपासावे. हातापायाला मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा अशी लक्षणे येईपर्यंत थांबू नये. अंडी-मासे खाणाऱ्याला कॉफीतल्या दुधाने फरक पडत नाही.

वनस्पतीचे दूध शोधण्याची धडपड कॅफेवाल्यांनी सुरू केलेली नाही. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे खेड्यातल्या धावपळीत ते मुख्यतः शेंगदाण्याचा कुटलेला गोळा आणि लिंबू यांवर राहत होते. १९१८ साली आमांशाने ते मरणाच्या दारात गेले. मुंबईत डॉ. दलाल यांनी दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असे स्पष्ट सांगितले, गांधीजींनी गाय-म्हैस यांच्या दुधाचे व्रत पुढे केले, आणि कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढली. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले. दुधाची जागा घेणारा वनस्पतिज पदार्थ आपल्याला सापडला नाही, ही खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. हट्टाच्या बाबतीत या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता, तरी त्याने हे कबूल केले, म्हणून मला त्याचे महत्त्व वाटते.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सीएफटीआरआयने, १९६० आणि ७०च्या दशकांत 'मिल्टोन' काढले. देशात दुधाचा तुटवडा होता. शेंगदाण्याची प्रथिने वेगळी काढून ती खऱ्या दुधात मिसळायची आणि तेच दूध अधिक मुलांपर्यंत पोचवायचे, अशी कल्पना. लक्षात घ्या, मिसळायची. दूध काढून टाकायचे नव्हते. १९९६ साली फ्रान्समध्ये डॉ. आंद्रे ब्रियांड यांनी तीव्र कुपोषित मुलांसाठी शेंगदाण्याची पेस्ट तयार केली, 'प्लम्पीनट' नावाने ती आफ्रिकेत लाखो मुलांपर्यंत गेली. आपल्याकडे तिच्यावरून वाद झाले, तो वेगळ्या लेखाचा विषय. पण तिच्यातही शेंगदाण्यासोबत दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे आहेत. आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित बाळाला पहिल्या दिवसापासून जो आहार देतो, एफ-७५ आणि नंतर एफ-१००, त्याचाही पाया दूधच. ज्यांनी ज्यांनी शेंगदाणा मुलांसाठी गांभीर्याने घेतला त्यांनी त्यात दूध ठेवले.

मग 'दूध' हा शब्द. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले, वनस्पतिज पेयांवर 'मिल्क' लिहिलेला माल हटवा. नियमानुसार दुग्धजन्य शब्द फक्त दुधासाठी. नारळाचे दूध आणि पीनट बटर यांना परंपरेचा अपवाद. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याआधी जून २०१७ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्णय दिला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र फेब्रुवारी २०२३ च्या मसुद्यात 'सोय मिल्क' म्हणायला हरकत घेतली नाही, फक्त पोषणातला फरक डब्यावर लिहा असे सुचवले. या भांडणात डेअरीवाल्यांचा धंदा आणि नव्या कंपन्यांचा धंदा असे दोन्ही आहेत, आणि मला दोघांचाही कळवळा नाही.

मराठीत तर हा कायदा चालणारही नाही. आपण नारळाचे दूध काढतो, खसखशीचे दूध काढतो, उंबराच्या चिकालाही दूध म्हणतो. भाषेत ती सवलत शेकडो वर्षांची आहे, आणि तिने कधी कुणाचे बिघडवले नाही, कारण सोलकढीसाठी काढलेले नारळाचे दूध कोणत्याही आजीने बाळाच्या बाटलीत भरले नाही. शब्द एक असला तरी त्याची जागा कुठली हे घरात कुणालातरी ठाऊक असे. चित्रफितीत कृती येते, ती जागा येत नाही. म्हणून डब्यावर 'मिल्क' हवे की नको यापेक्षा मला दुसरी ओळ हवी आहे, मोठ्या अक्षरात आणि मराठीत: दोन वर्षांखालील मुलांसाठी हे दूध नाही. कृती सांगणाऱ्या प्रत्येकाने ती म्हणावी. २००१ साली अमेरिकेत ॲटलांटाच्या डॉक्टरांनी दीड-दोन वर्षांच्या दोन मुलांची हकीकत छापली होती. एकाला तांदळाच्या पेयावर ठेवल्याने सुजेचे कुपोषण, दुसऱ्याला सोयाबीनच्या पेयावर मुडदूस. दोन्ही घरांत अन्न होते. त्या लेखाला वीस वर्षे उलटून गेली आणि मी तेच नंदुरबारात पाहिले.

त्या मुलीला जुलाबानंतर जे झाले होते ते बहुधा तात्पुरते होते. जोराच्या जुलाबात आतड्याचे अस्तर सोलवटते, लॅक्टोजचे एन्झाइम काही दिवस कमी पडते, मग पुन्हा तयार होते. अशा वेळी क्षारसंजीवनी, चौदा दिवस झिंक, आईचे दूध चालू, आणि इतर अन्न चालू. बहुतेक मुलांना दूध कायमचे तोडायची गरज नसते. दुधाच्या प्रथिनाची खरी ॲलर्जीही असते, पण ती डॉक्टरने ठरवायची, आणि तेव्हा द्यायचे पर्याय औषधासारखे मोजून द्यायचे असतात.

इथे गाईच्या दुधाची आरती करायची नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत आईचेच. वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून गाईचे दूधही योग्य नाही, आणि नंतरही नुसत्या दुधावर वाढवलेली, जेवण न शिकलेली मुले रक्त कमी होऊन येतात. सातपुड्याच्या पाड्यांवर जिथे दूध विकत घेणे परवडत नाही तिथल्या आईला मी शेंगदाणा गाळून दूध करायला कधीच सांगणार नाही. तिने तो चोथ्यासकट, बारीक कुटून, बाळाच्या वरण-भातात किंवा नाचणीच्या खिरीत घालावा. गाळण्यात सात-आठ आण्यांचे पोषण फडक्यात राहते आणि उरलेल्यात पाणी भरले जाते. अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मिळणारे अंडे त्याच्या जोडीला असले तर उत्तम. अख्खा दाणा लहान मुलाला देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो.

कॉफीबद्दलही एक राहिले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मे २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत चहा-कॉफी जेवणाआधी आणि नंतर तासभर घेऊ नये असे म्हटले आहे, कारण त्यातली टॅनिन अन्नातले लोह अडवतात. दिवसाला कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत. उकळून-गाळून केलेल्या दीडशे मिलिलिटर कॉफीत ते ८० ते १२० मिलिग्रॅम असते. आमच्या जिल्ह्यात गरोदर बायकांचे हिमोग्लोबिन पाहिल्यावर मला ही सूचना कॉफीतल्या दुधापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. दूध म्हशीचे घाला की काजूचे, लोहाच्या गोळीबरोबर तो कप नको.

ती मुलगी पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झाली. आठवड्याभरात सूज उतरली, दहाव्या दिवशी तिने सिस्टरच्या हातातली वाटी ओढून घेतली. आम्ही त्याला भूक परत येणे म्हणतो, आणि त्याहून चांगले लक्षण आमच्याकडे नाही. दूध तिला सोसत होते. डिस्चार्जच्या दिवशी आईने विचारले, "सर, मग ते ओट्सचं मी स्वतःसाठी केलं तर चालेल का? मला कॉफीत आवडतं." मी म्हटले, जरूर करा, फक्त शेंगदाण्याचे करून बघा, स्वस्त पडेल. आणि इंटर्न मुलीला बोलावून कॉफी दुधात घालायची की दूध कॉफीत, ते तिच्याकडूनच त्यांना सांगायला लावले.